पेटीतले बीळ : पाळीव सापासाठी आर्द्रतेची व्यवस्था

पाळीव सापाची देखभाल करताना तापमान आणि खाद्य यांच्याकडे बहुतेकांचे लक्ष असते, कारण तापमापकावरचा आकडा लगेच वाचता येतो आणि सापाने भक्ष्य गिळले की नाही हे डोळ्यांना दिसते; पेटीतील हवेत बाष्प किती आहे हे मात्र दिसत नाही, आणि त्याच्या कमी-अधिक प्रमाणाचे परिणामही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, तुकड्यातुकड्यांनी निघणाऱ्या कातेत, सुरकुतलेल्या त्वचेत किंवा श्वासाच्या घरघरीत प्रकट होतात. म्हणून आर्द्रतेचा प्रश्न बहुधा एका आकड्यावर आणून सोडवला जातो : अमुक जातीला इतके टक्के आर्द्रता हवी असे कुठेतरी वाचायचे आणि तो आकडा गाठेपर्यंत पेटीत पाणी फवारत राहायचे. ही पद्धत अपुरी आहे, कारण कोणताही साप त्याच्या देशाच्या सरासरी हवामानात राहत नाही. त्या हवामानातून त्याने स्वतः निवडलेल्या बिळात, ढोलीत, पाचोळ्याखाली किंवा खडकाच्या कपारीत तो राहतो, आणि तिथला ओलावा बाहेरच्या हवेहून पुष्कळ वेगळा असू शकतो.

बॉल पायथन हा अजगरकुळातील लहान साप या विवेचनासाठी सोयीचा आहे. त्याचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस. पूर्ण वाढलेल्या सापाची लांबी साधारण एक ते दीड मीटर असते, आणि धोका जाणवताच डोके आत घेऊन तो अंगाचा चेंडू करतो यावरून त्याला हे प्रचलित इंग्रजी नाव मिळाले. अमेरिका आणि युरोपमध्ये पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये तो अत्यंत लोकप्रिय आहे. त्याचे मूळ क्षेत्र आफ्रिकेत सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेले असून त्याचा मोठा भाग म्हणजे विरळ झाडांचा गवताळ प्रदेश आहे. या पट्ट्यात पावसाळ्यानंतर, साधारण नोव्हेंबरअखेरपासून मार्चपर्यंत, सहारा वाळवंटाकडून हरमॅटन नावाचे धुळीने भरलेले कोरडे वारे वाहतात आणि हवेतील आर्द्रता अतिशय खाली येते. केवळ हवामानाची नोंद पाहणाऱ्याला हा कोरड्या हवेचा साप वाटेल, आणि अनेक वर्षे त्याला तसेच पाळलेही गेले. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ आणि कोरड्या ऋतूचा मोठा भाग हा साप उंदीरवर्गीय प्राण्यांनी खोदलेल्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळाच्या पोकळीत घालवतो, जिथे मातीतील ओल, वाऱ्याचा अभाव आणि स्थिर तापमान यांमुळे हवा दमट राहते. त्याच्या पेटीत आफ्रिकेचे हवामान उभे करण्याची गरज नसते; गरज असते ती त्या बिळाची.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय

आर्द्रतामापकावर दिसणारा टक्क्यांचा आकडा सापेक्ष आर्द्रतेचा असतो. ठरावीक तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती बाष्प मावू शकते याला मर्यादा असते. त्या मर्यादेच्या तुलनेत प्रत्यक्षात किती बाष्प आहे याचे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ही मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. 26 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम बाष्प मावते, तर 32 अंशाला जवळजवळ 34 ग्रॅम. पेटीच्या थंड बाजूला 26 अंश तापमान आणि 75 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर तिथे दर घनमीटरला 18 ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. तीच हवा उष्णता देणाऱ्या दिव्याखाली जाऊन 32 अंशाला तापली, की बाष्पाचा एक कणही कमी न होता सापेक्ष आर्द्रता 54 टक्क्यांपर्यंत उतरते. एकाच पेटीत दोन ठिकाणी ठेवलेली दोन उपकरणे वेगवेगळे आकडे दाखवत असतील, तर त्यांतले एखादे बिघडलेलेच असले पाहिजे असे नाही. बाष्प तेवढेच असले तरी उष्णतेच्या पायऱ्या बदलल्याने आकडे बदलतात.

यातून आणखी एक गोष्ट निघते, तिकडे सहसा दुर्लक्ष होते. कोणत्याही ओल्या पृष्ठभागावरून पाणी किती वेगाने उडेल हे हवेत आणखी किती बाष्प सामावू शकेल यावर अवलंबून असते. 26 अंशाला 60 टक्के आर्द्रतेच्या घनमीटरभर हवेत आणखी साधारण 10 ग्रॅम बाष्पाला जागा असते, तर 32 अंशाला तितक्याच 60 टक्के आर्द्रतेत सुमारे साडेतेरा ग्रॅम बाष्पाला. दोन्हीकडे उपकरणावर 60 हाच आकडा दिसला, तरी उबदार बाजूची हवा सापाला अधिक वेगाने सुकवते. म्हणून आर्द्रतेचा कोणताही आकडा तापमानाची आणि मोजणीच्या जागेची नोंद केल्याशिवाय निरर्थक ठरतो.

थंड देशांतील हिवाळ्यात पेट्या एकाएकी कोरड्या का पडतात, याचेही उत्तर या गणितात आहे. शून्य अंशाची पूर्ण संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प सामावू न शकणारी हवासुद्धा घनमीटरमागे पाच ग्रॅमहून कमीच बाष्प बाळगते. ती घरात येऊन 22 अंशापर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 25 टक्के होते, आणि पेटीच्या उबदार कोपऱ्यात 32 अंशाला ती 14 टक्क्यांच्या आसपास येते. बाहेर धुके दाटलेले असताना आतला साप मात्र वाळवंटासारख्या हवेत श्वास घेत असतो.

सापाच्या शरीरातून पाणी कसे जाते

सरपटणाऱ्या प्राण्यांची खवलेदार त्वचा जलरोधक असते आणि त्यांचे पाणी मुख्यतः श्वासावाटे जाते, असे दीर्घकाळ मानले जात होते. 1966 मध्ये बेंटली आणि क्नुट श्मिट-निल्सन यांनी प्रत्यक्ष मोजमापे करून दाखवले की अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत त्वचेवाटे जाणारे पाणी श्वासावाटे जाणाऱ्या पाण्याहूनही अधिक असू शकते. मग जी काही रोधकता आहे ती खवल्यांमुळे येते का, हा पुढचा प्रश्न होता. जन्मतः खवले नसलेला एक गोफर साप संशोधकांच्या हाती आला, आणि 1972 मध्ये लिख्ट व बेनेट यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच्या अंगातून नेहमीच्या खवलेदार सापापेक्षा जास्त पाणी जात नसल्याचे आढळले. 1980 मध्ये रॉबर्ट्स आणि हार्वे लिलीव्हाइट यांनी सापाच्या त्वचेतील मेद द्रावकाने काढून टाकले, तेव्हा तीच त्वचा पाण्याला कित्येक पटींनी अधिक पारगम्य झाली. पाणी अडवून धरणारी भिंत म्हणजे खवले नसून बाह्यत्वचेतील मेदाचे अत्यंत पातळ थर आहेत, हे या अभ्यासांतून स्पष्ट झाले.

ही भिंत सर्व जातींत सारखी नसते. कोरड्या प्रदेशातील सापांत ती सामान्यतः अधिक कार्यक्षम, तर दमट अरण्यांतील जातींत अधिक सच्छिद्र असते. वयाप्रमाणेही तीत फरक पडतो. कॅलिफोर्नियातील किंग स्नेकच्या पिल्लांवर 2002 मध्ये झालेल्या अभ्यासात, जन्मानंतरची पहिली कात टाकल्यावर त्वचेवाटे होणारी पाण्याची गळती साधारण निम्म्यावर आल्याचे दिसले. नवजात पिल्लांना प्रौढांपेक्षा दमट जागा द्यावी, हा जो व्यावहारिक संकेत पाळणाऱ्यांमध्ये रूढ आहे, त्याला असा शरीरशास्त्रीय आधार आहे. शिवाय लहान देहाचा पृष्ठभाग वजनाच्या तुलनेत मोठा असल्याने पिल्लू तसेही लवकर सुकते.

पाणी वाचवण्यासाठी साप नत्रयुक्त मल द्रवरूप मूत्रात न टाकता यूरिक आम्लाच्या पांढऱ्या, जवळजवळ घट्ट लगद्याच्या रूपात टाकतो. शरीरात पाणी पुरेसे असेल तेव्हा हा लगदा पांढरा व मऊ असतो. पाण्याची ओढाताण चालू असली की तो पिवळसर, कोरडा आणि खडूसारखा कडक होतो. ही ओढाताण दीर्घकाळ चालल्यास यूरिक आम्लाचे स्फटिक मूत्रपिंडात आणि सांध्यांत साचून संधिवातासारखा गंभीर विकार होऊ शकतो. पाण्याचे भांडे भरलेले असले म्हणजे हा धोका टळला असे नव्हे, कारण कोरड्या हवेत पाणी अखंड जात राहते आणि प्रत्येक साप त्या प्रमाणात पाणी पीत नाही.

बॉल पायथनच्या बाबतीत पाण्याचे महत्त्व अंड्यांपासूनच दिसते. मादी अंड्यांभोवती घट्ट वेटोळे घालून जवळपास दोन महिने बसून राहते. काही मोठे अजगर स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देतात, तशी ऊब ही जात देत नाही. मग हे वेटोळे कशासाठी, या प्रश्नावर फॅबियन ओब्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे उत्तर असे की त्याचा मुख्य लाभ अंडी सुकण्यापासून वाचण्यात आहे. मादीचे शरीर अंड्यांभोवती दमट हवेची छोटी कोठडीच उभी करते.

कात टाकण्याची क्रिया

आर्द्रतेतील त्रुटी सर्वांत स्पष्टपणे उघड होते ती कात टाकताना. सापाच्या बाह्यत्वचेचा जुना थर अजून जागेवर असतानाच त्याखाली पूर्ण नवा थर तयार होतो, आणि मग दोहोंच्या मधल्या पेशी विरघळून तिथे लसीकेसारखा द्रव पसरतो. या काळात सापाचा रंग फिकट पडतो, पोटाकडचा भाग दुधट दिसतो आणि डोळ्यांवर निळसर झाक येते, कारण सापाला पापण्या नसतात; डोळ्यावरील पारदर्शक चकती हाही त्वचेचाच भाग असून तीही कातेबरोबर बदलते. काही दिवसांनी हा द्रव शोषला जाऊन डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप ओठांची कड खरखरीत वस्तूवर घासून जुनी त्वचा सोडवतो व तिच्यातून पुढे सरकत ती उलटी करत बाहेर पडतो. निरोगी सापाची कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघते.

हवा फार कोरडी असेल तर जुना थर लवचीकपणा गमावतो, नव्या थराला चिकटून राहतो आणि फाटत जातो. अंगावर राहिलेले तुकडे बहुतेक वेळा केवळ कुरूप दिसतात, पण दोन ठिकाणी ते धोकादायक ठरतात. डोळ्यावरची जुनी चकती तशीच राहिली तर पुढच्या कातेच्या वेळी तिच्यावर आणखी एक थर चढतो; आणि शेपटीच्या टोकाभोवती राहिलेले वळे सुकून आवळत गेले, तर रक्तपुरवठा थांबून टोक मृत होऊ शकते. अशा वेळी उपाय जबरदस्तीचा नसावा. झाकणाला हवेसाठी भोके असलेल्या डब्यात कोमट पाण्याने ओला करून पिळलेला टॉवेल ठेवून त्यात सापाला देखरेखीखाली तास-अर्धा तास सोडले, तर तो कापडाच्या घड्यांतून फिरताना बहुतेक तुकडे आपोआप सुटतात. डोळ्यावरची चकती चिमट्याने ओढू नये, कारण तिच्याबरोबर खालची नवी चकती निघाल्यास डोळा कायमचा निकामी होण्याचा संभव असतो. ते काम सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याचे आहे. वाईट कातेचे कारण दर वेळी आर्द्रताच असते असेही नाही. गोचीडसदृश माइट, जुनी जखम, कुपोषण किंवा अन्य आजार यांमुळेही ती बिघडते. मात्र तपासाची सुरुवात आर्द्रतेपासून करणे योग्य, कारण ती दुरुस्त करणे सर्वांत सोपे असते.

ओलावा आणि दमटपणा यांतील भेद

कोरडेपणाच्या भीतीने केलेला अतिरेकही तितकाच घातक असतो, आणि इथे हवेतील बाष्प व पृष्ठभागावरील पाणी यांत भेद करणे आवश्यक आहे. सापाला दमट हवा हवी असते, ओली जमीन नव्हे. विष्ठेने दूषित झालेल्या, सतत भिजलेल्या तळावर पडून राहणाऱ्या सापाच्या पोटाच्या खवल्यांखाली पाण्याचे फोड येतात, त्यांत स्यूडोमोनास किंवा एरोमोनास यांसारखे जिवाणू शिरतात, खवले तपकिरी होऊन झडतात आणि उपचार झाले नाहीत तर संसर्ग रक्तात पसरतो. पाळणाऱ्यांच्या बोलीत याला स्केल रॉट म्हणतात.

श्वसनसंस्थेलाही दोन्ही टोके मानवत नाहीत. सापाला सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते, त्यामुळे त्याला जोराने खोकून श्लेष्मा बाहेर टाकता येत नाही. कोरड्या हवेत श्लेष्मल आवरण सुकते, तर थंड, कोंदट आणि बुरशी धरलेल्या पेटीत जंतू फोफावतात. तोंडाशी बुडबुडे येणे, श्वासाचा आवाज होणे, डोके सतत वर धरून बसणे ही लक्षणे दिसली की आर्द्रतेत फेरफार करत वेळ दवडू नये. 2014 मध्ये बॉल पायथनच्या तीव्र श्वसनरोगामागे निडोव्हायरस गटातील विषाणू असल्याचे अमेरिका आणि युरोपमधील स्वतंत्र संशोधक गटांनी दाखवले, आणि पेटीच्या दोषाला लावले जाणारे काही आजार प्रत्यक्षात एका सापाकडून दुसऱ्याकडे जाणारे असतात हे त्यातून ध्यानात आले.

मोजणी

हवेचा दमटपणा मोजण्याची खटपट जुनी आहे. स्वित्झर्लंडचे निसर्गशास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी 1783 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ओलाव्याने ताणल्या जाणाऱ्या मानवी केसावर आधारलेल्या आर्द्रतामापकाचे वर्णन केले आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळणारी काटेवाली स्वस्त तबकडी अशाच प्रसरणाच्या तत्त्वावर चालते, पण तिचे स्प्रिंग ढिले असल्याने ती 10 ते 20 टक्क्यांनी चुकणे नवलाचे नसते. संवेदक असलेले डिजिटल उपकरण अधिक विश्वासार्ह असते, तरी त्यातही तीन ते पाच टक्क्यांची तफावत गृहीत धरावी लागते.

उपकरणाची पारख घरच्या मिठाने करता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते विरघळणार नाही इतपत पाण्याने ओले करायचे आणि झाकण व आर्द्रतामापक एकाच घट्ट बंद पिशवीत 12 ते 24 तास ठेवायचे. संपृक्त मिठाच्या द्रावणावरील बंदिस्त हवेची सापेक्ष आर्द्रता नेहमीच्या खोलीच्या तापमानाला 75 टक्क्यांवर स्थिरावते, हा भौतिकशास्त्रातला सुस्थापित गुणधर्म आहे. उपकरणाने 70 दाखवले तर त्याच्या प्रत्येक वाचनात पाच मिळवायचे. उपकरणे दोन असावीत, एक उबदार आणि एक थंड बाजूला, आणि ती काचेच्या वरच्या भागात चिकटवण्याऐवजी साप जिथे असतो त्या उंचीवर ठेवावीत. फवारणीनंतर लगेच घेतलेले वाचन फसवे असते. दोन तासांनंतरचे आणि पहाटेचे वाचन पेटीचा खरा स्वभाव सांगते.

पेटीची रचना

बंद काचेत ओलावा फिरत राहतो, हे लंडनचे डॉक्टर नथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांच्या लक्षात 1829 च्या सुमारास आले, जेव्हा पतंगाचा कोष ठेवलेल्या बंद बरणीतील मातीत नेचे आपोआप उगवले. पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काचपेट्यांतून जिवंत वनस्पतींची जहाजांवरून ने-आण झाली. सापाच्या पेटीत हेच तत्त्व वापरले जाते, पण मर्यादेने, कारण सापाची विष्ठा, शरीराला उष्णता देणारी साधने आणि जिवाणू यांमुळे इथे खेळती हवा अनिवार्य असते. आर्द्रतेचे नियोजन म्हणजे बाष्पीभवन आणि वायुवीजन, म्हणजे हवेची ये-जा, यांचा ताळेबंद होय.

मासळीघरासारख्या काचपेटीवर पूर्ण जाळीचे झाकण असेल आणि वर उष्णतेचा दिवा असेल, तर तापलेली हलकी दमट हवा जाळीतून सतत निघून जाते आणि कितीही पाणी फवारले तरी तासाभरात पेटी कोरडी होते. जाळीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उष्णता सोसणाऱ्या पत्र्याने किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्याने झाकणे, मात्र दिव्याच्या अगदी लगतची जागा मोकळी सोडणे, हा पहिला आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. पीव्हीसीच्या बंदिस्त पेट्या, ज्यांत बाजूंना मोजकी भोके असतात, ओलावा अधिक सहज धरतात. उष्णतेचे कोणतेही साधन असो, ते तापमान-नियंत्रकाला जोडलेले असणे आर्द्रतेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, कारण तापमान चढले की सापेक्ष आर्द्रता उतरतेच.

दुसरा आधार म्हणजे तळाचा थर. वर्तमानपत्र किंवा कागदी रुमाल स्वच्छतेला सोपे, पण पाणी साठवत नाहीत. ॲस्पेन लाकडाचा भुसा कोरड्या जातींसाठी उत्तम असला तरी ओला होताच त्यावर बुरशी येते. देवदाराच्या वर्गातील सुगंधी लाकडाचा भुसा त्यातील बाष्पशील तेलांमुळे टाळावा. दमटपणासाठी नारळाच्या काथ्याचा भुगा, म्हणजे रोपवाटिकांत कोकोपीट म्हणून मिळणारा पदार्थ, सायप्रस झाडाची साल आणि स्फॅग्नम शेवाळ हे पर्याय प्रचलित आहेत. थर निदान सात-आठ सेंटिमीटर जाड असावा, आणि पाणी वरून शिंपडण्याऐवजी कोपऱ्यांत हळूहळू ओतावे, म्हणजे ते तळाशी मुरते. खालचा थर ओला राहून बाष्प सोडत राहतो आणि ज्यावर साप पडून असतो तो वरचा थर स्पर्शाला कोरडा राहतो. फवारणीत नेमके उलट घडते : पृष्ठभाग ओला होतो, आकडा क्षणभर उसळतो आणि मग कोसळतो. पाण्याचे रुंद भांडे उबदार बाजूकडे सरकवल्याने बाष्पीभवन वाढते, पण ते थेट दिव्याखाली ठेवू नये.

तिसरा आणि बॉल पायथनसाठी सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे ओलसर लपण. साप वेटोळे करून जेमतेम मावेल असा, एकच तोंड असलेला, झाकणाचा डबा घेऊन त्यात पिळून पाणी काढलेले स्फॅग्नम शेवाळ भरले की आतली आर्द्रता 80 ते 90 टक्क्यांपर्यंत टिकते, मग बाहेरच्या पेटीत 60 टक्के असोत वा 50. बाहेरची हवा कोरडी असतानाही बीळ दमट राहते, तीच रचना इथे लहान प्रमाणात साधली जाते. पेटीत कोरडी लपणेही असली पाहिजेत, एक उबदार आणि एक थंड बाजूला, म्हणजे ओलाव्यासाठी सापाला ऊब किंवा सुरक्षितता सोडावी लागत नाही. शेवाळ आठवड्याला तपासून, वास किंवा बुरशी दिसताच बदलावे.

जातीनुसार गरजा

बॉल पायथनसाठी पूर्वी 50 ते 60 टक्के आर्द्रता पुरेशी मानली जाई; अलीकडच्या मार्गदर्शनात कल 60 ते 80 टक्क्यांकडे आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक 40 ते 60 टक्क्यांत, केवळ कातेच्या वेळी ओलसर लपण मिळाले तरी, उत्तम राहतो. पूर्व आफ्रिकेतील केनियन सँड बोआ वाळूत गाडून घेणारा असल्याने त्याची पेटी बरीच कोरडी ठेवतात, तर ॲमेझॉन खोऱ्यातील ब्राझिलियन रेनबो बोआला 75 टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते आणि ती घसरल्याचा परिणाम त्याच्यावर लवकर दिसतो. न्यू गिनीतील ग्रीन ट्री पायथन फांदीवर वेटोळे घालून राहतो आणि अंगावर साचलेले पावसाचे थेंबही पितो. त्याच्यासाठी रात्री दमट आणि दिवसा हळूहळू सुकत जाणारी हवा, असे रोजचे चक्र कायम ओल्या पेटीपेक्षा अधिक हितावह असते. हे आकडे संपूर्ण पेटीला एकसारखे लागू करायचे नसतात. त्या कक्षेत सापाला वेगवेगळ्या जागा उपलब्ध करून देणे हा त्यांचा अर्थ आहे.

ऋतू, प्रदेश आणि कायदा

एकदा बसवलेली घडी वर्षभर टिकत नाही. बर्फाळ शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील तरुणाने उन्हाळ्यात नीट लावलेली पेटी हिवाळ्यात घर तापवू लागताच कोरडी पडते, तर मुंबईत जुलैमध्ये खोलीचीच आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि तिथे प्रश्न ओलावा वाढवण्याचा नसून बुरशी रोखण्याचा असतो. अशा वेळी झाकणावरचे आवरण काढणे, थर पातळ करणे आणि पाण्याचे भांडे लहान ठेवणे योग्य. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी किंवा वातानुकूलित खोलीत याच्या उलट परिस्थिती असते.

भारताच्या संदर्भात कायद्याची चौकट स्पष्ट असणे गरजेचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार नाग, धामण, अजगर यांसह देशी साप संरक्षित असून ते घरी पाळणे हा गुन्हा आहे. जखमी किंवा वस्तीत आलेला साप सर्पमित्राच्या किंवा वनखात्याच्या स्वाधीन करणे एवढेच नागरिकाच्या हाती असते. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीने साइट्सच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले आहे.

सापाकडून मिळणारी माहिती

उपकरण एका बिंदूवरची हवा मोजते. साप मात्र सगळ्या पेटीतून निवड करत असतो, म्हणून त्याच्या निवडीची नोंद ठेवणे हा नियोजनाचा शेवटचा आणि सर्वांत उपयुक्त भाग आहे. तो सतत पाण्याच्या भांड्यात बसून राहत असेल तर हवा कोरडी असण्याची, उष्णता जास्त असण्याची किंवा अंगावर माइट असण्याची शक्यता तपासावी. ओलसर लपण सोडतच नसेल तर बाकीची पेटी गरजेपेक्षा कोरडी आहे असे समजावे. उलट तो सदैव उंचावर, कोरड्या फांदीवर किंवा काचेशी राहत असेल तर तळ फार ओला असू शकतो. कातेच्या अगदी आधी ओलसर लपणात आणि एरवी कोरड्या, उबदार जागी जाणारा साप बहुधा सुस्थितीत असतो. दर कातेची तारीख, ती अखंड निघाली की तुकड्यांनी, दोन्ही डोळ्यांच्या चकत्या व शेपटीचे टोक तीत आहेत की नाही, यूरिक आम्लाच्या लगद्याचा पोत, महिन्याचे वजन आणि त्या दिवसाची दोन्ही बाजूंची तापमान-आर्द्रता एवढी नोंद एका वहीत राहिली, तर वर्षभरात त्या विशिष्ट सापासाठी, त्या घरात आणि त्या ऋतूत कोणता आकडा योग्य आहे हे कळते. पुस्तकातील टक्केवारी हा केवळ आरंभबिंदू असतो; ती बदलावी की टिकवावी, हे अशा नोंदीच्या आधारेच ठरवता येते.